तेल त्यांचं, बिया तिच्या

माझ्या थोरल्या जावेच्या डाव्या अंगठ्याचं नख कायम निळं असतं. जुनं गळून नवं येतं न येतं, तोच त्याच्यावर दगड बसलेला असतो. तेलमाडाची बी फोडायची म्हणजे ती चिमटीत धरायची, सपाट दगडावर उभी करायची आणि वरून दुसरा दगड मारायचा. बी फुटली पाहिजे, आतला मगज अख्खा राहिला पाहिजे आणि बोट शाबूत राहिलं पाहिजे. ओझिओमाला यातल्या पहिल्या दोन गोष्टी साधतात. तोंडाने गप्पा चालू, डोळे रस्त्यावर, आणि हात आपले टक टक टक. तिच्या वीस फुटतात तोवर माझ्या पाच होतात, आणि त्या पाचांत मी तीनदा शिव्या देते.

मी उलोमा, तिची धाकटी जाऊ. माझा नवरा पोर्ट हार्कोर्टला गॅरेजात काम करतो आणि महिन्याकाठी एकदा उगवतो, त्यामुळे माझा अर्धा संसार तिच्याच अंगणात चालतो. मी फटकळ. माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घराण्यातल्या सगळ्या बायका म्हणतात आणि खरंच म्हणतात. ओझिओमाच्या पोटात मात्र आख्खं गाव राहील. तिचा नवरा वाचुकू, म्हणजे माझे भावजी, माणूस देवासारखा. पण देवाला जसं घरात मीठ आहे की नाही हे ठाऊक नसतं, तसं त्यांनाही नसतं.

आमच्याकडचा नियम सरळ आहे. माड आणि माडावरचे घड पुरुषाचे. घड उतरवायचे, दोन-चार दिवस झाकून ठेवायचे, सुटी झालेली फळं पिंपात उकळायची, घाण्यात दाबायची. जे तेल निघेल ते पुरुषाचं. मागे जो चोथा उरतो त्यातल्या बिया बाईच्या. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण लग्न होऊन आलेली पोरगी पहिल्याच हंगामात चोथा पाखडायला बसते आणि कुणी तिला हटकत नाही.

तेलाच्या पैशात मोठी कामं होतात. माडावर चढणाऱ्याची मजुरी, शाळेची फी, छपराचे पत्रे, घराण्याची वर्गणी, दुसऱ्याचे माड दोन वर्षांसाठी खंडाने घ्यायचे तर ते. हे पैसे येतात तेव्हा दिसतात आणि जातात तेव्हाही दिसतात. बियांच्या पैशात मीठ, जवळा, सुकी मासळी, साबण, रॉकेल, तापाच्या गोळ्या, पोरांच्या पेन्सिली, कुणाच्या मयताला न्यायचं कापड. हे पैसे येताना कुणाला दिसत नाहीत आणि जाताना तर नाहीतच. नवऱ्याने बियांचा भाव विचारायचा नसतो. ते बायकोच्या पेटीत हात घातल्यासारखं होतं. भावजी सभ्य माणूस, त्यांनी तेवीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. पुढे जे झालं ते या सभ्यपणातून झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओझिओमा बिया काढल्या काढल्या विकत नाही. हंगामात सगळ्यांकडेच ढीग असतात, व्यापारी नाक मुरडतो. ती बिया वाळवते आणि न फोडताच टोपल्यांत भरून चुलीवरच्या माळ्यावर चढवते. धुरामुळे कीड लागत नाही. मग पावसाळ्यात, तेल आटतं आणि भाव चढतो तेव्हा, एकेक टोपली खाली उतरते. घरात कुणी आजारी पडलं की एक टोपली. शाळेचे बूट फाटले की अर्धी टोपली. आमचा आठवडा चार दिवसांचा; त्यातल्या ‘एके’ वाराला बाजार भरतो, त्या दिवशी बायकांच्या भिशीत टाकायला एक रंगाचा डबा मगज विकायचा. आमच्याकडे माप म्हणजे रंगाचा रिकामा डबाच. चौदा बायकांची ही भिशी ओझिओमाच सांभाळते, आणि अकरा वर्षांत तिचा स्वतःचा हप्ता एकदाही चुकलेला नाही.

चार वर्षांपूर्वी भावजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तेलाचे सगळे पैसे तेव्हा खंडाच्या माडांत अडकले होते. ओझिओमाने माळ्यावरच्या नऊच्या नऊ टोपल्या उतरवल्या. रात्रंदिवस आम्ही दोघी फोडत होतो. पैसे आले ते तिने माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, “पोर्ट हार्कोर्टहून तुझ्या नवऱ्याने पाठवले म्हणून सांग.” मी म्हटलं, “का म्हणून? तुझे आहेत.” तर म्हणते, “भावाने दिले म्हणजे ते नीट झोपतील. बायकोने दिले म्हणजे टाके उसवेपर्यंत विचार करत बसतील.” तेव्हापासून भावजी दर हंगामाला सगळ्यात मोठं कोनफळ आमच्याकडे पाठवतात. ते माझ्या घशाखाली सुखाने उतरत नाही. उतरतं, पण सुखाने नाही.

तर यंदाच्या हंगामात सिल्व्हेनस आला.

डांबरी रस्त्याच्या पलीकडे नवीन तेलगिरणी निघाली होती, तिचा हा दलाल. पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि ट्रकच्या टपावर चढवलेला वजनकाटा. त्याला तेल नको होतं. अख्खे घड हवे होते. घड काट्यावर टाका, नोटा मोजून घ्या, संपलं.

भावजींनी ओसरीच्या भिंतीवर खडूने हिशेब मांडला. एका बाजूला तेलाचे पैसे. त्यातून जळण वजा, घाण्याचं भाडं वजा, पाणी वाहणाऱ्या पोरी वजा, कॅन वजा. दुसऱ्या बाजूला ट्रकवाल्याचे पैसे. दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखाच आला, आणि ट्रकच्या बाजूला घाम अजिबात नव्हता. त्यांनी तीनदा बेरीज केली. बेरीज बरोबरच होती. फक्त त्यांनी तेलाचीच केली होती, कारण दुसऱ्या कशाची करायची त्यांना सवयच नव्हती.

पहिली खेप गेली त्या दिवशी ते हसत हसत आत आले आणि नेहमीसारखी थोरल्या पोराच्या नावाने तिला हाक मारली. “उझोची आई, संपला तुझा त्रास! उकळणं नाही, दाबणं नाही. आता पाय पसरून बस.”

ओझिओमा चुलीशी होती. “आणि बिया?”

“कसल्या बिया?”

“घडातल्या.”

“त्या गेल्या ना घडाबरोबर.” मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. निदान त्यांना तसं वाटलं. “अच्छा, मीठमिरचीचं म्हणतेस होय! माझ्याकडे माग की. मी काय नाही म्हणणार आहे?”

आणि ते खरंच नाही म्हणत नव्हते. हेच तर दुखणं होतं. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. ती मागायची, ते द्यायचे. फक्त देताना, सहज, काही मनात न ठेवता विचारायचे.

“साबण? परवाच आणलास ना? कुठे गेला?”

“तुमच्या सदऱ्यावर.”

“जवळा एवढा महाग झाला?” “ती म्हातारी वारली ती आपली कोण लागते? तिला कापड कशाला?” “हे घे. उरले तर परत आण हं.”

उरले तर परत आण! तेवीस वर्षं घर चालवलेल्या बाईला! मी तिथे सुपात तांदूळ निवडत बसलेली असायचे आणि माझ्या कानशिलाच्या शिरा उडायच्या. ओझिओमा मात्र पैसे पदराच्या गाठीत बांधायची आणि बाजाराला जायची. उरलेले आणून त्यांच्या हातावर ठेवायची, अगदी शेवटच्या नाण्यापर्यंत. मला तर वाटायचं ती ते मुद्दाम जोरात ठेवते.

भिशीचं मात्र तिने मागितलं नाही. ती माळ्यावरच्या जुन्या टोपल्यांवर भागवत होती. दुसरी खेप गेली, तिसरी गेली. माळ्यावर एक टोपली राहिली, मग अर्धी राहिली.

“पुढच्या एकेला काय करशील?” मी विचारलं.

“बघू.”

“बघू काय? भावजींकडे माग.”

“भिशीचे पैसे नवऱ्यांच्या खिशातून यायला लागले की ती भिशी नवऱ्यांची होते. मग ते विचारतील, कुणाचा नंबर लागला, किती उचलले, कशाला उचलले. चौदा जणी माझ्या भरवशावर टाकतात, उलोमा. त्यांतल्या निम्म्यांनी घरी सांगितलेलंसुद्धा नाही.”

“मग ऑपरेशनचं सांग ना त्यांना! कुणाच्या पैशाने झालं ते कळू दे एकदा. मी सांगू?”

तिने दगड खाली ठेवला. ती दगड खाली ठेवते तेव्हा समजायचं, आता नीट ऐकायचं. “सांगितलंस तर ते मला पैसे देतील. उपकार फेडल्यासारखे, डोळ्यांत पाणी आणून देतील. मला पैसे नकोत. मला माझ्या बिया पाहिजेत. मी चांगली आहे म्हणून नाही. माझ्या आहेत म्हणून.”

 मी पुढची बी दगडावर उभी केली आणि नेम चुकवून अंगठ्यावरच मारला. 

चौथ्या खेपेच्या दिवशी सिल्व्हेनसचा ट्रक सकाळी सकाळीच आला. अंगणात घडांचा ढीग लावलेला होता. भावजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार. काटा टांगला, दोन मजूर पुढे झाले, आणि पाहतात तर ढिगावर ओझिओमा. तेलमाडाच्या घडाला चांगले बोटभर काटे असतात. तिने खाली पोतं दुमडून घातलं होतं आणि वर ती बाजारात बसावी तशी आरामात बसली होती.

“मॅडम, जरा उतरा,” सिल्व्हेनस म्हणाला.

“तुम्ही काय घ्यायला आलात?”

“घड.”

“घडात तेल आहे ते ह्यांचं. ते न्या. बिया माझ्या आहेत, त्या इथे काढून ठेवा आणि खुशाल जा.”

सिल्व्हेनसने चष्मा काढला. “मॅडम, इथे अंगणात मी तेल आणि बिया वेगळ्या कशा करणार?”

“आम्हाला तीन दिवस लागतात. तुम्ही शिकलेले, तुमचं लवकर होईल.”

तोवर कुंपणाशी गर्दी जमली होती. घाण्याकडे निघालेल्या बायका डोक्यावरचे हंडे उतरवून उभ्या राहिल्या. कुणीतरी मोठ्याने हसलं. ती मी नव्हते. नंतर मीही हसले.

भावजींचा चेहरा पडला. “उझोची आई, उतर खाली. लोक बघताहेत.”

“बघू देत. मी तुमचं काही अडवलंय का? तुमचं तेल विका, नाहीतर ओहोळात ओता, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण दुसऱ्याची वस्तू विकायची तर आधी विचारतात.”

“अगं पण मीठमिरचीचे पैसे मी देतोच आहे ना!”

आता मात्र माझ्या जिभेच्या टोकावर आलं. हर्निया, नऊ टोपल्या, कोनफळ, सगळं. मी तोंड उघडलंही. ओझिओमाने ढिगावरून माझ्याकडे असं पाहिलं की माझा जबडा आपोआप मिटला. आयुष्यात असं एकदाच घडलं.

“अडाकूआत्याला बोलवा,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि मी कपाळावर हात मारला.

अडाकूआत्या म्हणजे आमच्या घराण्याची सगळ्यात थोरली माहेरवाशीण. नवरा गेल्यावर भावांकडे परत आलेली. घरातल्या भांडणात माहेरवाशिणींचा शब्द शेवटचा, आणि माहेरवाशिणी कुणाच्या बाजूच्या असतात ते मी काय सांगायचं? मी सून होऊन आले त्या वर्षी याच बाईने माझ्या रश्शात मीठ जास्त आहे म्हणून भर पंगतीत ताट सरकवलं होतं. तिचा निकाल भाच्याच्या बाजूने गेला असता तर बियांचा विषय आमच्या वाडीत कायमचा मिटला असता. आज ओझिओमाच्या, उद्या माझ्या, परवा सगळ्यांच्या बिया ट्रकमध्ये.

आत्या काठी टेकत आली. आधी खुर्ची मागितली, मग कोलाचं फळ मागितलं, आमच्याकडे बोलणी सुरू करण्याआधी चघळायला देतात ते कडू फळ. कोला आल्याशिवाय ती ‘बस’ असंसुद्धा म्हणत नाही. तीन दातांनी तिने त्याचा तुकडा इतका वेळ चघळला की सिल्व्हेनसने दोनदा घड्याळ पाहिलं.

“वाचुकू, घड कुणाचे?”

“माझे, आत्या.”

“तेल?”

“माझं.”

“बिया?”

भावजी सदऱ्याची बटणं चाचपू लागले.

“कोला मी खातेय रे, तुझं तोंड का बंद?”

“तिच्या,” भावजी म्हणाले.

“विकताना तिला विचारलंस?”

“आत्या, पण मी तिला लागेल तेव्हा पैसे...”

“तुझी मोटरसायकल मी उद्या विकली,” आत्या म्हणाली, “आणि तुला म्हटलं, पोरा, कुठे जायचं असेल तेव्हा माझ्याकडे भाडं माग, मी नाही म्हणणार नाही. चालेल?”

कुंपणाशी असा काही हशा उठला की ट्रकवरचे मजूरही हसायला लागले. भावजींनी मान खाली घातली. मला त्या क्षणी त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. त्यांना खरंच आत्ताच कळलं होतं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपण बायकोचं ओझं उतरवलं.

आत्या उठली. “मी सासरी एकोणतीस वर्षं बिया फोडल्या. तू लहान होतास तेव्हा तुझ्यासाठी बिस्किटं घेऊन यायचे, ती काय माझ्या नवऱ्याच्या तेलातून आली? तीन खेपांच्या बिया तिच्या तिला परत कर. पैसे नाहीत. बिया.” मग तिने ढिगाकडे पाहिलं. “किती होतील गं?”

“एका खेपेची चार पोती,” ओझिओमा म्हणाली. तिने आकडा वाढवला नाही. मी असते तर सहा सांगितली असती.

“बारा पोती,” आत्या म्हणाली आणि दुसरा कोला पदरात टाकून निघून गेली. सिल्व्हेनसने ट्रक मोकळाच वळवला.

आता बारा पोती बिया आणायच्या कुठून? स्वतःच्या घडांतून निघतील त्या तर आधीच तिच्या. विकत मिळतील त्या फक्त दुसऱ्या बायकांकडे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी हातगाडी घेऊन निघाले, सदऱ्याच्या खिशात ट्रकच्या नोटा घालून. वाडीतला एक पुरुष दारोदार बिया विकत घ्यायला हिंडतोय, हे आमच्या गावाने पहिल्यांदाच पाहिलं. बायकांना तर सण झाला.

“या या, भावजी! डबा आणलात का मापायला? नाही? मग माझ्याच डब्याने मापू. जरा चेपलाय, पण चालतंय की.”

“एवढा भाव?”

“ओळखीतला सांगितला तुम्हाला.”

“कालपर्यंत असाच होता?”

“काल कुणी पुरुष विचारायला आला नव्हता.”

माझ्या दाराशीही ते आले. मी त्यांना दोन पोती दिली आणि भाव असा लावला की सांगायची सोय नाही. त्यांनी कपाळाचा घाम पुसला, नोटा मोजल्या आणि निमूट गाडी ढकलत गेले. मला जराही वाईट वाटलं नाही. म्हणजे, संध्याकाळपर्यंत वाटलं नाही.

चार दिवस हे चाललं. पहिल्या पोत्यापासूनच ओझिओमा फोडायला बसली होती, आणि एकेच्या बाजाराला तिचा डबा नेहमीसारखा भरलेला गेला. भिशीतल्या बायकांना काही कळलंही नाही. कळलं ते एवढंच, की गावात यंदा बियांना भारी गिऱ्हाईक आहे.

चौथ्या दिवशी उन्हं कलताना भावजींनी दहावं पोतं अंगणात टाकलं आणि ओसरीच्या पायरीवर बसले. खिसा उलटा करून पाहिला. एका अख्ख्या खेपेचे पैसे संपले होते आणि अजून दोन पोती बाकी होती. भिंतीवरचा खडूचा हिशेब त्यांच्या डोक्यामागेच होता, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. ओझिओमा समोर बसून फोडत होती. मी तिच्याशेजारी मगज निवडत होते.

“उझोची आई,” ते म्हणाले, “एका डब्याला एवढे येतात?”

“येतात.”

“दर वेळी?”

“पावसात जास्त.”

ते बोटं मोजायला लागले. किती डबे, किती हंगाम, किती वर्षं. बोटं संपली, परत पहिल्यापासून सुरू केली. त्यांच्या चेहऱ्यावर रागबीग काही नव्हता. हरवलेली वस्तू शोधणाऱ्या माणसासारखे ते घराकडे बघत होते, दाराकडे, पत्र्याकडे, मग तिच्याकडे. तिच्या अंगावर तेच जुनं निळं लुगडं होतं.

“तेवीस वर्षं,” ते म्हणाले. “मग एवढे पैसे गेले कुठे? तुझ्या अंगावर दिसत नाहीत. घरात दिसत नाहीत.”

तिने मान वर केली नाही. “तुम्ही खाल्लेत.”

“मी?”

“तुम्ही. पोरांनी. पाहुण्यांनी. थोडे मीही.”

दगडाचा आवाज चालूच होता. भावजींनी उलटा केलेला खिसा पुन्हा आत ढकलला. मी एवढी बोलकी, पण त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “उरलेली दोन पोती उद्या आणतो.”

“आणा,” ओझिओमा म्हणाली. “आणि घासाघीस करून आणा. उलोमाने तुम्हाला दुपटीने विकल्यात.”

मी सुपातले मगज पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.